आसवांहून खारट नको

मीठ-साखरेचं पाणी घरी कसं करायचं हे शिकवताना आरोग्यसेविका एक सूचना देत आल्या आहेत. पाणी तयार झालं की बाळाला पाजण्याआधी आपण चाखून बघायचं. आसवांहून खारट लागलं तर ओतून द्यायचं आणि नवं करायचं. मी कविता लिहिणारा माणूस. आसवांवर आम्हा मंडळींनी आजवर काही कमी शाई खर्च केलेली नाही. पण आसू हे मोजमाप म्हणून वापरावं, आणि तेही एका तान्ह्या जिवासाठी, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. या सूचनेच्या मागे काय आहे ते पाहायला गेलो, तर जवळजवळ दोनशे वर्षांचा एक इतिहास हाती लागला. श्रोतेहो, आज तो सांगणार आहे. मी डॉक्टर नाही, साधा बी.ए. झालेला माणूस, तेव्हा औषधाविषयी जे बोलेन ते जाणत्या डॉक्टरांनी सांगून ठेवलेलंच असेल.

जुलाबाने मूल दगावतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार वाहून गेल्यामुळे. तान्ह्याचं अंग ते केवढं, त्यात साठा तो किती! काही तासांत डोळे खोल जातात, टाळू खाली बसते, ओठ कोरडे पडतात, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश मागे जाते. मूल रडतं, पण डोळ्यांतून पाणी येत नाही. म्हणजे गरज असते पाण्याची. आणि आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या नेमकं तेच तोडलं जायचं.

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या मोहल्ल्यात मी हे लहानपणी पाहिलेलं आहे. एखाद्या पोराला जुलाब सुरू झाले की शेजारपाजारच्या दादी-नानी गोळा होत आणि एकच सल्ला देत, ‘पानी नको दे गे उसे, सब निकलीच जाता.’ गळक्या घागरीत पाणी कशाला ओतायचं, असा तो हिशेब. चुकीचा होता, पण मूर्खपणाचा नव्हता. डोळ्यांना जे दिसत होतं त्यावर बेतलेला होता. पाणी पाजलं की लगेच कपडे भरत, उलटी होई. याच बायका मोहरममध्ये सबिलीवर उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सरबत पाजत. करबलेच्या मैदानात तहानलेल्या सहा महिन्यांच्या अली असगरची कहाणी निघाली की पदर डोळ्यांना लावत. आणि घरात पाळण्यातलं बाळ तहानेनं जीभ बाहेर काढत असे. आम्ही सहा भावंडं जन्मलो, वाढलो पाच. अम्मीने त्या सहाव्या मुलीबद्दल कधी फार सांगितलं नाही. ‘दो दिन में सूख गई,’ एवढंच म्हणायची.

मोहल्ल्याबाहेर गावातही निराळं नव्हतं. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा, हा महाराष्ट्रातल्या गावोगावचा रिवाज. देवीचा कोप म्हणा, अल्लाची मर्जी म्हणा, पाणी तोडण्याच्या बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं.

पण आपल्या बायाबापड्यांना तरी का नावं ठेवायची? शिकलेलं वैद्यकही फार पुढे नव्हतं. १८३१ साली इंग्लंडात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा विल्यम ओशॉनेसी नावाच्या बाविशीतल्या आयरिश डॉक्टरने रुग्णांचं रक्त तपासलं आणि सांगितलं की यातलं पाणी आणि मीठ कमी झालं आहे, ते परत भरा. पुढे हाच माणूस कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं विणण्यात त्याचं नाव झालं. त्याचं म्हणणं वाचून १८३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लाटा या डॉक्टरने मरायला टेकलेल्या रुग्णांच्या शिरेतून मिठाचं पाणी सोडलं. गेलेल्या नाड्या परत आल्या. काही जगले, बरेच नंतर दगावले. आणि त्यांच्या बरोबरीच्या डॉक्टरांनी हा वेडेपणा म्हणून सोडून दिला. त्याला पुन्हा मान मिळायला बराच काळ जावा लागला. मान मिळाला तो मात्र असा की ‘सलाईन’ म्हणजेच इलाज असं सगळ्यांच्या मनात बसलं. सुई हवी, बाटली हवी, टोचणारा हात हवा, खाट हवी. ज्यांना कॉलरा होतो त्यांच्याकडे यातलं काहीच नसतं, ही गोष्ट कुणाला फारशी खटकली नाही.

तोंडाने पाजून का भागत नाही? १९५३ साली कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जी या डॉक्टरांनी तसं करून दाखवलं होतं. मीठ आणि ग्लुकोज घातलेलं पाणी त्यांनी कॉलऱ्याच्या १८६ रुग्णांना पाजलं आणि ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय साप्ताहिकात तसं लिहिलं. जुलाब थांबवायला त्यांनी पानओव्याच्या पानांचा रसही दिला होता. आपल्याकडे ज्याची भजी करतात तोच हा पानओवा. छापून आलं, पण पश्चिमेकडच्या पंडितांनी मनावर घेतलं नाही. पाण्यात साखर घातल्याने आतड्यात नेमकं काय होतं याचं उत्तर तेव्हा मिळालेलं नव्हतं.

ते १९६० साली रॉबर्ट क्रेन या संशोधकाने मांडलं. आतड्याच्या अस्तरात एक दार आहे असं समजा. मीठ एकटं आलं तर ते दार उघडत नाही, साखर एकटी आली तरी नाही. दोघं हातात हात घालून आली की उघडतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत शिरतं. कॉलऱ्यात आतड्याची बाकी सगळी घडी विस्कटते, पण हे दार शाबूत राहतं. साधं पाणी गळक्या घागरीसारखं वाहून जातं ते याचमुळे. आमच्या दादी-नानींनी पाहिलेलं खोटं नव्हतं. त्यांना त्या दाराची किल्ली ठाऊक नव्हती इतकंच.

किल्ली मात्र मापाची हवी. मराठीत ‘मात्रा’ हा शब्द वैद्यांचा आहे आणि आम्हा कवींचाही. आमची मात्रा चुकली तर फार तर मैफलीत कुणी नाक मुरडतं. इथे तसं नाही. १९६२ मध्ये मनिलात कॉलऱ्याच्या रुग्णांना असं पाणी पाजण्याचा एक प्रयत्न झाला. त्यातलं प्रमाण बरोबर नव्हतं, माणसं दगावली, आणि हा सगळा विचारच काही वर्षं मागे पडला. अखेर ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण अमेरिकन डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. अंगातून जेवढं पाणी बाहेर जातं तेवढं मोजायचं आणि तेवढंच, ठरलेल्या मात्रेचं, परत पाजायचं. १९६८ साली त्यांनी निष्कर्ष छापले, की या उपायाने सलाईनच्या बाटल्या किती तरी कमी लागतात. पण हे सगळं इस्पितळात, डॉक्टर-नर्सच्या नजरेखाली झालं होतं. बाहेर, चिखलात, अडाणी माणसांच्या हाती ते टिकेल का, याची खात्री कुणालाच नव्हती.

ती परीक्षा १९७१ साली झाली, आणि कुणी ठरवून घेतली नाही. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. बंगालच्या सीमेवर छावण्या उभ्या राहिल्या. पाऊस सुरू झाला आणि कॉलरा पसरला. दिलीप महालनबीस हे कलकत्त्यात संशोधन करणारे बालरोगतज्ज्ञ. त्यांचा जन्म १९३४ चा, किशोरगंजचा. म्हणजे हे निर्वासित ज्या मुलखातून येत होते तिथलाच. जूनच्या अखेरीस ते सीमेवरच्या बनगावला पोचले. तिथल्या इस्पितळात दोन खोल्या होत्या आणि जमिनीवर माणसं पडलेली होती. शीर शोधायची तर त्या घाणीत गुडघे टेकून बसावं लागे. दोन दिवसांत त्यांच्या ध्यानात आलं की ही लढाई आपण हरतो आहोत. सलाईन संपत आलं होतं, आणि ते लावता येणारी माणसं त्यांच्या पथकात अवघी दोन होती.

मग त्यांनी कलकत्त्याच्या आपल्या संस्थेत, ग्रंथालयाच्या खोलीत, पुड्या बांधायला बसवलं. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. पुस्तकांच्या कपाटांमध्ये बसून मीठ तोलणारी ती माणसं मला फार जवळची वाटतात. खर्च लिटरमागे ११ पैसे आला. छावणीत पाण्यात पुड्या मिसळून पिंपं भरून ठेवली, त्यांना तोट्या होत्या, आणि रुग्णाच्या आईला, भावाला, नवऱ्याला सांगितलं, पेले भरून न्या आणि पाजत राहा. ही पद्धत कुठे सिद्ध झालेली नव्हती. आधी छावणीत शंभरातले तीसएक रुग्ण मरत होते. पाजणं सुरू झाल्यावर सुमारे ३,७०० रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण शेकडा ३.६ इतकं उतरलं. आणि पाजणारे हात होते घरच्यांचे. माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात मोठा शोध हाच. साखर-मिठाचं रसायन आधी कळलं होतं. आईच्या हाती ते सोपवता येतं, हे बनगावच्या चिखलात कळलं.

या गोष्टीत एक धागा आपल्या या माध्यमाचाही आहे. मीठ आणि ग्लुकोज किती, पाणी किती, हे पत्रकांवर छापून सीमेवर वाटलं गेलं, आणि बांगलादेशी मुक्तिवाद्यांच्या एका गुप्त रेडिओ केंद्रावरून सांगितलंही गेलं. युद्ध चालू असताना, लपवून चालवलेल्या केंद्रावरून बाळाच्या पाण्याची कृती! रेडिओवर मीही अनेकदा कविता वाचल्या आहेत. इतकं मोलाचं काही त्यात होतं असं म्हणवत नाही.

महालनबीसांनी हे सगळं १९७३ मध्ये छापलं. ते सहजासहजी मान्य झालं नाही, पण काही वर्षांत जागतिक आरोग्य संघटनेने हा उपाय जगभर न्यायचं ठरवलं. १९७८ मध्ये त्याच ‘लॅन्सेट’ने लिहिलं की विसाव्या शतकातली वैद्यकातली ही बहुधा सर्वांत मोठी प्रगती ठरेल.

स्वतंत्र झालेल्या बांगलादेशात पुढचं काम झालं, आणि ते मला बनगावइतकंच मोठं वाटतं. फजले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये उभी केलेली ‘ब्रॅक’ ही संस्था. पुड्या खेडोपाडी पोचवता येत नाहीत म्हणून तिने घरातल्याच वस्तू घेतल्या. तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढं लवण, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. बंगालीत ‘लबण-गुड’. १९८० ते १९९० या दहा वर्षांत या संस्थेच्या बायका दारोदार गेल्या आणि सुमारे १ कोटी २० लाख घरांतल्या आयांना हे शिकवून आल्या. शिकवणं म्हणजे भाषण नव्हे. आईने स्वतःच्या चुलीपाशी, स्वतःच्या भांड्यात, स्वतःच्या चिमटीने ते करून दाखवायचं. भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून ठेवायची. नंतर दुसरी माणसं येऊन, निवडक घरांत त्या आईला पुन्हा करायला लावत, नमुना बाटलीत भरून नेत आणि त्यातलं मीठ प्रयोगशाळेत तपासत. आईच्या जितकं ध्यानात राहिलं असेल, तितकी शिकवणारीची मजुरी. आपल्या शाळा-कॉलेजांत हा नियम लावला तर काय होईल, या विचाराने मला मास्तर मित्रांची काळजी वाटते!

सुरुवातीला आयांनी शिकून घेतलं, पण मूल आजारी पडल्यावर वापरलं मात्र थोड्यांनीच. शोध घेतला तेव्हा कळलं की शिकवणाऱ्यांचाच पुरता विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. मग त्यांना हे पाणी आत जाऊन काय करतं ते नीट समजावलं. घरातल्या पुरुषांनाही यात घेतलं, कारण त्यांना वगळून बायकांना काही शिकवलं की संशय वाढतो. आज बांगलादेशात या पाण्याला ‘खाबार सॅलाइन’ म्हणतात, खायचं-प्यायचं सलाईन. सुईवरची श्रद्धा त्यांनी मोडली नाही, पेल्यात उतरवून घेतली.

आपल्याकडे याला ‘जलसंजीवनी’ असं देखणं नाव मिळालं. पण सुईवरची श्रद्धा अजून सुईवरच आहे. मूल चमच्याने पाणी पीत असतानाही ‘डॉक्टर, एक सलाईन लावून टाका’ म्हणणारे बाप मी दवाखान्यांच्या बाकांवर बसून ऐकले आहेत. चमचाभर पाण्यात बापाला आपली माया पुरेशी दिसत नसावी.

आता त्या मात्रेविषयी, कारण आजही घोटाळा तिथेच होतो. चिमूट आणि मूठ प्रत्येकाची वेगळी, म्हणून औषधाच्या दुकानात किंवा आशाताईंकडे मिळणारी पुडी केव्हाही अधिक भरवशाची. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात मीठ आणि साखर दोन्ही आधीपेक्षा कमी आहेत, लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेटचे क्षार. पुड्या दोन आकारांत येतात, लहान २०० मिलिलिटरची आणि मोठी एक लिटरची. तेव्हा पुडीवर काय लिहिलंय ते आधी वाचायचं. एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात ओतली तर ते औषध राहत नाही. जास्तीचं मीठ बाळाच्या अंगातल्या पेशींतलं पाणी ओढून घेतं, झटके येऊ शकतात. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या, हेही नको. अर्ध्यात कोणता क्षार किती आला हे कुणी सांगावं? आणि जास्त पाणी घालून पुडी पुरवली तर क्षार कमी पडतात.

हात साबणाने धुवावेत. पाणी उकळून गार केलेलं घ्यावं. मापाला एक लिटरची पाण्याची बाटली घरात असतेच. पुडी सगळी ओतावी, विरघळेपर्यंत ढवळावं, चाखावं, झाकून ठेवावं. तयार झालेलं पाणी उकळायचं नाही, त्यात वरून साखर, दूध, फळांचा रस घालायचा नाही. चोवीस तासांत उरलं तर फेकून द्यायचं. पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ चालतं. ‘सपाट’ हा शब्द विसरू नका; शीग लावलेला चमचा आणि सपाट चमचा यांत बरंच अंतर असतं. या घरच्या पाण्यात पोटॅशियम नसतं, म्हणून ते तात्पुरतंच.

पाजायचं वाटी-चमच्याने. जुन्या घरांत बोंडलं असे, तेही चालेल. फक्त उकळून स्वच्छ केलेलं हवं. दुधाची बाटली धुवायला अवघड, तिच्यातूनच पुन्हा जंतू जायचे. मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला दर जुलाबामागे ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा पेला. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. आईचं दूध एक वेळही तोडू नये. सहा महिन्यांवरच्या मुलाला पेज, वरणाचं पाणी, नेहमीचं मऊ जेवणही चालू ठेवावं. २००४ पासून याच्या जोडीला जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या गोळ्या सांगितल्या जातात. जुलाब थांबले तरी डॉक्टर म्हणतील तितके दिवस, साधारण दोन आठवडे, त्या पुऱ्या कराव्यात.

एक नवा घोटाळा गेल्या काही वर्षांत आला. कागदी खोक्यांतली गोड पेयं ‘ओआरएस’ ही अक्षरं नावात मिरवत औषधांच्या दुकानातच विकली जाऊ लागली. त्यांत साखर सूत्रापेक्षा किती तरी जास्त. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई आठ वर्षं यासाठी भांडल्या, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ही अक्षरं वापरायला मनाई केली. तरीही विकत घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाकिटावर शोधावा. ११ पैशांच्या गोष्टीचं सोंग घेऊन साखरेचं पाणी विकणारे आपल्याला नवे नाहीत.

महालनबीस १६ ऑक्टोबर २०२२ रोजी कलकत्त्यात गेले. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. आपल्या पद्धतीवर त्यांनी मालकी हक्क सांगितला नव्हता. जगात आजही जुलाबाने पाच वर्षांखालची चार लाखांहून अधिक मुलं दरवर्षी जातात, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या घरात मीठ, साखर, पाणी आणि चमचा असतो.

जलसंजीवनी देऊन घरी थांबायचं नाही, अशा वेळा कोणत्या तेही सांगतो. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल. जुलाबात रक्त असेल. पाजलेलं सगळंच उलटत असेल. बाळ पाणी ओढत नसेल, सुस्त पडलं असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी होत नसेल किंवा ताप चढला असेल, तर लगेच दवाखाना गाठावा. आणि निघताना तयार पाण्याची वाटी आणि चमचा सोबत घ्यावा. बाळ पीत असेल तर रिक्षात, एसटीत, बैलगाडीत, जिथे असाल तिथे, चमचा-चमचा पाजत राहावं.